नाव बदललेली बाई

"शब्दशः अहवाल कसा लिहावा, ते मिसेस प्रधानांकडून शिका," असं म्हणत डॉक्टर विद्याधर नाबरांनी सायक्लोस्टाइल केलेल्या कागदांचा गठ्ठा पहिल्या बाकावर ठेवला, आणि एकेक प्रत मागे मागे जाऊ लागली.

कुंदा प्रधानला आधी आनंदच झाला. खोटं कशाला सांगा? दीड वर्षाच्या पोरीला दुपारी झोपवून, ती उठायच्या आत जो काय तासभर मिळायचा त्यात तिने तो अहवाल लिहिला होता. तोही स्वयंपाकघराच्या ओट्यावर वही ठेवून, उभ्या उभ्या. खाली बसलं की माऊला कसं कोण जाणे कळायचं आणि ती डोळे उघडायची. घाटकोपरच्या एका शाळेत दर शनिवारी दोन ते पाच 'समुपदेशन आणि मानसोपचार : तोंडओळख' असा सहा महिन्यांचा वर्ग भरायचा. तिसेक माणसं होती. शाळामास्तरणी, दोन नर्सबाया, एक निवृत्त पोस्टमास्तर, कुंदासारख्या चारपाच घरच्या बायका. त्या सगळ्यांत आपला अहवाल पहिला आला म्हटल्यावर कुणाच्याही मनात लाडू फुटतील.

मग प्रत तिच्या हातात आली. वर टाइप केलं होतं : 'क्लायंट : श्रीमती क. (नाव बदलले आहे). वय तीस. व्यवसाय : घरोघर मासेविक्री. तीन मुली.' खाली तिच्याच ओळी, आणि समासात डॉक्टरांचे शेरे.

"सर," ती उठून उभी राहिली, "हे वाटणार आहात असं म्हणाला नव्हतात."

"बसा हो. नाव बदललंय ना? मग झालं. गुप्ततेचा नियम पाळला गेलाय. एवढं छान लिहून लाजता काय?" डॉक्टर हसले आणि मोठ्याने वाचू लागले.

आणि वाचलं तरी कसं! एक हात कमरेवर ठेवून, मान वेळावून, हेल काढून. "'दरसाल चैतान सासू मना देवीचे डोंगरावर अनवानी चढवते. सोकरा होऊ दे म्हनून. नि मी चढतंय. माझं आपरेशन झालंय, आता कायच होनार नाय, ते मना ठाव हाय. देवीला पन ठाव हाय. दोघी गप हाव.'"

वर्ग खोखो हसला. पोस्टमास्तरांनी तर रुमाल काढून डोळे टिपले. ज्या वाक्यापाशी मंजुळाने पदर तोंडात धरला होता आणि कुंदा चहाचा कप हातात तसाच धरून बसली होती, त्या वाक्याला हशा. कुंदाच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. पण ती बसून राहिली. हे तिने स्वतःला पुढे कितीतरी दिवस माफ केलं नाही.

मंजुळा म्हणजे वेसाव्याची कोळीण. सकाळी दहाच्या सुमाराला डोक्यावर पाटी घेऊन अंधेरीच्या कुंदाच्या वसाहतीत यायची, बरोबर तिची जाऊ पार्वती. पार्वती डावीकडच्या इमारती करायची, मंजुळा उजवीकडच्या. फेरी संपली की कुंदाच्या दारात बूड टेकायची, कारण माऊ. माऊ तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या मागेपुढे करत बसायची आणि मंजुळा तिला बोंबील, मांदेली, करली अशी माशांची नावं शिकवायची. पोरगी 'आई'च्या आधी 'बोंबी' म्हणाली.

वर्गात सांगितलं होतं, प्रत्येकाने एका माणसाशी चार वेळा बोलून अहवाल लिहा. तेव्हा कुंदा मंजुळाला म्हणाली होती, "मी ऐकून घ्यायचं शिकतेय. माझ्याशी बोलशील? मी लिहीन, पण तुझं नाव घालणार नाही."

मंजुळा केवढी हसली होती! "नाव? माझं नाव हिकडं कुनाला म्हाईत हाय गो? सगली 'ए कोळणी' बोलतात."

कुंदाने ते वाक्यही इमानाने लिहून घेतलं. त्यासमोर डॉक्टरांचा शेरा होता : 'उत्तम. विनोदामुळे ताण सैलावला.' दोघांपैकी एकाच्याही डोक्यात उजेड पडला नव्हता. जे नाव कुणालाच ठाऊक नाही ते बदलून लपवलं काय? बाकी सगळं तर उघड्यावर होतं. तीन मुली, वेसावं, जोडीला येणारी जाऊ, उजव्या मनगटावरचं मासळीचं गोंदण.

तो उजेड त्याच दिवशी बसमध्ये पडला. कुंदाच्या समोरच्या दारात राहणारी अनुपमाही त्याच वर्गाला यायची. अंधेरीची बस साकीनाक्याला अडकून पडली होती आणि अनुपमा कागद वाचत होती. एकदम तिने कुंदाच्या मांडीवर चापट मारली.

"अगं, ही तर आपली कोळीण!"

"अनुपमा, हळू!"

"बाप रे! ऑपरेशन करून बसलीय आणि नवसाचा डोंगर चढते? काय डोकं आहे!"

"तो कागद मला दे."

"वा गं वा. सरांनी अभ्यासाला दिलाय. मी काय दवंडी पिटणार आहे? तू पण ना."

अनुपमाने दवंडी पिटली नाही. तिने कागद घरी नेऊन टीपॉयवर ठेवला, इतकंच. तिच्या सासूबाई, विमलाताई, घरात आलेलं कुठलंही अक्षर वाचल्याशिवाय सोडायच्या नाहीत. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा.

मंगळवारी सकाळी कुंदा माऊला भात भरवत होती. जिन्यावर मंजुळाची हाक आली, "घ्या पापलेट, सुरमाय." त्या दिवशी डावीकडच्या इमारतींत कुणाकडे तरी सोवळं होतं म्हणून पार्वतीही बरोबर आली होती. विमलाताईंनी दार उघडलं. सुरमई उलटीपालटी केली, कल्ला उचलून पाहिला. आणि मग, जसं काही भावाची घासाघीस चाललीय अशा सुरात म्हणाल्या, "काय गं, नवस कसले करता तुम्ही? तुझं तर ऑपरेशन झालंय ना? देवीला फसवायचं म्हणजे कमालच बाई."

भाताचा हात तसाच घेऊन कुंदा दारात आली. पार्वती मंजुळाकडे बघत होती. मंजुळा पार्वतीकडे बघत नव्हती. ती कुंदाकडे बघत होती. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. एखाद्या अनोळखी घराचं दार चुकून वाजवावं आणि भलतंच कुणी बाहेर यावं, तसं तिने पाहिलं. मग सुरमई पाटीत ठेवली, चुंबळ डोक्यावर बसवली, आणि पाटी एकटीनेच उचलून खाली गेली. एरवी पाटीला हात लावायला ती कुंदाला हाक मारायची.

"बोंबी!" माऊ दारातून ओरडली. कुणी वळून बघितलं नाही.

विमलाताई म्हणाल्या, "अगो, एवढं काय झालं? खरं तेच बोलले."

"तुम्हाला कुणी विचारलं होतं?" कुंदा म्हणाली. लग्न होऊन या इमारतीत आल्यापासून मोठ्या माणसाशी ती असं पहिल्यांदाच बोलली. "तुमच्या घरातलं कुणी असं जिन्यात काढलं तर चालेल तुम्हाला?"

"लिहिलं कुणी ते?" विमलाताईंनी शांतपणे विचारलं, आणि दार लावून घेतलं.

कुंदा माऊला उचलून आत आली.

त्यानंतर मंजुळा आली नाही. गुरुवारी पार्वती एकटी आली तेव्हा कुंदाने तिला जिन्यातच गाठलं.

"मंजुळा कुठाय?"

"म्हायेरला धाडली. मनोरीला."

"आणि मुली?"

"पोरी पन. हिकडं कोन ठेवनार?" पार्वतीने पाटी खाली ठेवली नाही. "सासू बोलते, देवीला फशिवलं, घराला फशिवलं. तिचा नवरा चंदर बोटीवर हाय. ऐतवारी बोट लागली का दुसरं लगीन लावनार त्याचं. म्हातारीनं पोर पन बघून ठेवलीय."

"घरी सांगितलं कुणी?"

"मी!" पार्वती फणकारली. "नको सांगू? आख्ख्या जिन्याला म्हाईत, नि ज्या घरची ती सून, त्या घराला नाय? तू कशाला सांगितलंस गो जगाला? आमी अडानी. तू तर शिकलेली."

मग तिने खाली उतरता उतरता हाळी दिली, "घ्या पापलेट!", आणि ती हाळी कुंदाला एखाद्या थपडीसारखी लागली.

कुंदाचा नवरा नंदकिशोर संध्याकाळी विमा कंपनीतून आला तेव्हा कुंदा भांडी आपटत होती.

"तू कशाला एवढं मनाला लावून घेतेस?" तो म्हणाला. "चूक त्या डॉक्टरची आहे."

"त्याची आहेच. शनिवारी त्याला सांगणार आहे. पण माझी नाही असं म्हणू नका. मला दहापैकी नऊ मिळाले तेव्हा मी खूश झाले होते. ज्या वाक्यावर हसले ना सगळे, ते मी किती चांगलं टिपलंय, असं माझ्या मनात आलं होतं. एक क्षणभर. पण आलं होतं."

नंदकिशोरने तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि स्वतः विसळायला घेतलं. तो फार बोलणारा माणूस नव्हता.

शनिवारी दोनच्या ठोक्याला कुंदा वर्गाच्या दारात उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येकाला म्हणाली, "माझ्या अहवालाची प्रत परत द्या." कुणी हसलं, कुणी "कशाला?" म्हणालं. तेवढ्यात डॉक्टर नाबर आले.

"हा काय प्रकार?"

"सर, ज्या बाईचा तो अहवाल आहे तिचं घर मोडायला आलंय. मला सगळ्या प्रती परत हव्यात."

डॉक्टरांनी आधी खुर्ची सरळ केली, मग पट्टी, मग आवाज. "मिसेस प्रधान, बसा. मंडळी, हे बघा, फार शिकण्यासारखं आहे. याला म्हणतात अतिगुंतणूक. समुपदेशक क्लायंटच्या दुःखात स्वतःच वाहून जातो. मिसेस प्रधान, आत्ता, या क्षणी, तुम्हाला काय वाटतंय?"

"राग येतोय."

"छान. रागाच्या खाली काय आहे?"

"रागच आहे, सर. खालपर्यंत रागच आहे." कुंदाचा आवाज खाली आला नाही. "तुम्ही मला न विचारता तिचं बोलणं तीस जणांना वाटलंत. बरं, वाटलंत ते वाटलंत. तिची नक्कल करून दाखवलीत. ती बाई हे बोलली तेव्हा रडत होती. तुम्ही कमरेवर हात ठेवलात!"

"नाव बदललेलं होतं..."

"नाव! तिचं नाव कुणाला माहीत होतं म्हणून बदललं? तिच्या पाटीवरून ओळखतात तिला, तिच्या हाकेवरून ओळखतात! हे मला कळलं नाही कारण मी मूर्ख. तुम्हाला कळलं नाही कारण तुम्ही मासे नोकराकडून मागवत असाल. तिचा नवरा रविवारी बोटीवरून येतोय आणि त्याचं दुसरं लग्न ठरवून बसलेत घरचे. तीन मुलींसकट बाहेर काढलंय तिला. हे तुमच्या कुठल्या समासात लिहायचं?"

"त्या वस्तुस्थितीत आपण पडत नाही," डॉक्टर म्हणाले. मात्र आता त्यांच्या कपाळावर घाम होता. "आणि अहवाल ही संस्थेची मालमत्ता आहे. पुढच्या तुकडीसाठी नमुना म्हणून ठेवायचा असतो. प्रमाणपत्राला दोन महिने राहिलेत, त्याचा विचार करा."

"प्रमाणपत्र ठेवा तुमच्याकडेच. कागद द्या."

आणि ती बाकाबाकाशी जाऊ लागली. आधी दोघी नर्सांपैकी थोरली, माणिकबाई, हिने पर्स उघडून घडी केलेला कागद काढून दिला. "मीही हसले होते," ती हळूच म्हणाली. मग एकामागून एक कागद येऊ लागले. कुणी रेघा मारल्या होत्या, कुणी कडेला फुलं काढली होती. पोस्टमास्तरांनी मान खाली घातली.

"मी तो... घरी मंडळींना वाचून दाखवला होता. उद्याच आणून देतो. तुमच्या घरी आणून देतो."

"त्यांना काय सांगाल?"

"सांगेन," पोस्टमास्तर म्हणाले, "की मी गाढव आहे."

अनुपमाने आपला कागद देताना कुंदाकडे बघितलं नाही. डॉक्टर टेबलाशी उभे होते आणि त्यांच्या फाईलमध्ये मूळ अहवाल होता, कुंदाच्या अक्षरातला, ओट्यावर उभ्याने लिहिलेला. कुंदाने हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. वर्ग बघत होता. शेवटी डॉक्टरांनी फाईलची दोरी सोडली.

"तुम्ही यात कधीच यशस्वी होणार नाही," ते म्हणाले.

"नाही झाले तर चालेल," कुंदा म्हणाली.

रविवारी सकाळी ती माऊला काखोटीला मारून निघाली. वेसाव्याहून मढला जाणारी होडी, तिथून बसने मार्वे, मार्वेहून पुन्हा होडी. खाडी ओलांडून मनोरीला पोचेपर्यंत ऊन माथ्यावर आलं होतं. कोळीवाड्यात विचारत विचारत गेली तर एका घरापुढे बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळत घातलेले, आणि ते उलटत असलेली मंजुळा. तिच्या तीन पोरी ओळीने सावलीत बसल्या होत्या. तिची म्हातारी विधवा आई उंबऱ्यात जाळं विणत होती.

मंजुळाने कुंदाला बघितलं आणि बोंबील उलटत राहिली.

"मी सगळे कागद परत घेऊन आले," कुंदा म्हणाली. "एक राहिलाय, तोही येईल. हे तुझे आहेत. जाळ, फाड, काय हवं ते कर."

"काय लिवलंय ह्या कागदान?"

"तू बोललीस ते."

"वाच."

कुंदा वाळूत बसली आणि वाचू लागली. माऊ दुडदुडत मंजुळाच्या पायांशी गेली. मंजुळाने तिला बघितलं न बघितल्यासारखं केलं, मग न राहवून उचललं. कुंदा वाचत होती. आपल्याच तोंडचं बोलणं कागदातून ऐकताना मंजुळाच्या भुवया वर जात होत्या, खाली येत होत्या. मग कुंदाने 'माझे निरीक्षण' वाचलं : 'श्रीमती क. यांच्या मनात देवीच्या कोपाची भीती खोलवर आहे.'

"थांब," मंजुळा म्हणाली. "मी देवीला घाबरतंय असं कदी बोल्लू?"

"तू म्हणालीस, देवीला ठाऊक आहे, दोघी गप्प आहोत..."

"मंग? त्यान घाबरनं कुठं आयलं? देवी बाय हाय. तिला कललं म्हनून ती गप. मी घाबरतंय मानसांना. तू ऐकलंस का काय गो? का पुस्तकातलं लिवलंस?"

कुंदाने खरंच पुस्तकातलं लिहिलं होतं. अपराधगंडावरचं प्रकरण त्याच आठवड्यात शिकवलं होतं.

"नि दाक्तरीन बोल्ली ते? ते कुठं हाय?"

"कुठलं?"

"म्हनजे?" मंजुळाने माऊला खाली ठेवलं. "मी तुला नाय सांगितलं? तिसरीचे टायमाला सगलं रगत गेलं माझं. दाक्तरीन बोल्ली, आता पुन्ना दिस गेलं तर तू मरशील, तुझी पोरी उघडी पडतील. चंदर दर्यान व्हता. सासूला सांगितलं असतं तर तिनं मना मरू दिली असती पन नातू मागितला असता. म्हनून माझे आयसनी अंगठा दिला. हे लिवलंस?"

कुंदाला आठवलं. मंजुळाने सांगितलं होतं, दुसऱ्या भेटीत, सविस्तर. आणि कुंदाने ते गाळलं होतं. वर्गात सांगायचे ना, घटना गौण, भावना महत्त्वाची. बाळंतपणं, दवाखाने, तारखा यांनी अहवाल भरू नका.

"नाही लिहिलं," ती म्हणाली. "भावना लिहायच्या असतात असं शिकवलं होतं."

"नि मरन? त्याला काय बोलतान तुमचे वर्गान?"

उंबऱ्यातली म्हातारी जाळं बाजूला ठेवून उठली, आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक कार्ड घेऊन आली. "यान काय लिवलंय म्हाईत नाय. इंग्लिशन हाय. हास्पिटलान दिलंय. दोन वर्सं राखून ठेवलंय."

कुंदाने ते वाचलं. एकदा मनात, मग मोठ्याने, मराठी करत. तिसरं बाळंतपण. बाळंतपणानंतर अतिरक्तस्राव. रक्ताच्या चार बाटल्या. पुन्हा गर्भ राहिल्यास मातेच्या जिवाला निश्चित धोका. नसबंदी केली. संमती : रुग्णाची आणि तिच्या आईची. मंजुळाच्या थोरल्या पोरीने आईच्या पदराचं टोक धरलं.

"ही कागदं ऱ्हाऊ दे तुझी," मंजुळा म्हणाली. "ह्यो वाच. माझे घरान येऊन वाच. चंदर आज येनार."

"येते. आणि मी त्यांना सांगते, की चूक माझी..."

"तू कायेक सांगू नको!" मंजुळाने हातातला बोंबील दांडीवर आपटला. "बोल्लीस तू पुष्कल. जे लिवलंय तेवडंच वाच. सांगायचं ते मी सांगन."

परतीच्या होडीत दोन थोरल्या पोरी काठाला धरून बसल्या होत्या, धाकटी आणि माऊ मंजुळाच्या मांडीवर. मंजुळा माऊशी बोलत होती, पाण्यातले बगळे दाखवत होती. कुंदाशी मात्र वेसावं येईपर्यंत एक शब्द नाही.

चंदरची बोट सकाळीच लागली होती. तो ओट्यावर जेवायला बसला होता, उघड्या अंगाने, डोळे जागरणाने तांबारलेले. सासू दारात उभी. मंजुळा तीन पोरी घेऊन अंगणात आली तशी म्हातारी कडाडली, "आयली परत? नि ही कोन?"

"ही वाचनारीन हाय," मंजुळा म्हणाली. "चंदर, जेवान ठेव नि ऐक. मंग काय ते कर."

कुंदाने कार्ड वाचलं. हळू, एकेक ओळ, वर एक शब्द नाही. स्वतःचं मत, स्वतःची माफी, सगळं ओठाशी आलं आणि तिने ते गिळलं. अंगणाच्या कडेला शेजारच्या बायका जमल्या, तशी सासूच एकदम म्हणाली, "हिकडं आत या, लोकांना तमाशा नको." पण चंदर हलला नाही.

"चार बाटल्या?" त्याने विचारलं.

"चार," कुंदा म्हणाली.

"नि मना बोल्ले, ताप व्हता." त्याचा हात ताटात तसाच होता. मग तो मंजुळाकडे वळला आणि त्याचा आवाज चढला. "दोन वर्सं! दोन वर्सं माझेसंगती डोंगर चढलीस नि बोल्ली नायस?"

"नि नवस?" सासू म्हणाली. "देवीचे नवसाचं काय?"

"नवस तुमी बोल्लाव, आये. मी नाय बोल्लू. मी फकस्त पाय भाजले."

चंदर उठला. हात धुतले नाहीत. क्षणभर कुंदाला वाटलं हा आता मारणार. तो ओट्यावरून खाली उतरला, तापलेल्या अंगणात अनवाणी उभ्या असलेल्या धाकटीला त्याने एका हाताने उचललं आणि दुसऱ्या दोघींना म्हणाला, "चला गो आत. पाय भाजतान." आणि आईच्या अंगावरून, तिला बाजूला व्हायला न सांगता, पोरींना घेऊन आत गेला. म्हातारीला बाजूला व्हावं लागलं.

मंजुळा दारापाशी पोचली आणि वळली.

"बाय, तू आता जा."

"मी थांबते ना थोडा वेळ. काही लागलं तर..."

"जा सांगतंय ना." आवाजात राग होता. राग पुरता होता, आणि तो कुंदाच्याच वाट्याचा होता. "आता जे बोलनार ते आमचं. तू नाय ऐकायचं."

दार लागलं. लगेच आत तीन आवाज एकदम उठले. सासूचा रडका, चंदरचा घोगरा, आणि त्या दोघांच्या वर चढत गेलेला मंजुळाचा. शब्दही नीट कळत होते. शेजारणी कुडाला टेकून उभ्या राहिल्या, एकीने कुंदालाही हाताने जवळ बोलावलं, जागा करून दिली.

"तुम्हीही जा घरी," कुंदा तिला म्हणाली, "काय ऐकताय?" आणि माऊला दुसऱ्या कडेवर घेऊन, आवाज ऐकू येईनासे होईपर्यंत भराभर चालत ती बसच्या थांब्याकडे निघाली.